कासवाची पिल्लं पर्यटक येईपर्यंत थांबवून ठेवावीत का?

सागरगोटा

मार्चमध्ये घरची सगळी मिळून कोकणात कासवाची पिल्लं बघायला गेलो होतो. किनाऱ्याचं नाव मुद्दाम देत नाही. तिथल्या लोकांनी आमचं अगत्याने केलं, आणि मला जे विचारायचंय ते एका गावापुरतं नाही.

सकाळी हॅचरीपाशी, म्हणजे अंडी आणून पुरतात त्या राखीव जागेपाशी, पोचलो तेव्हा एका घरट्यावरची टोपली उचलत होते. खाली पिल्लं होती. दोरीच्या आतल्या वाळूवर ती सोडली, लोकांनी दोरीबाहेरून फोटो काढले, पिल्लं पाण्यात गेली. तिथपर्यंत सगळं रीतसर. परत फिरताना मुलीला हॅचरीच्या मागे एक निळा टब दिसला. तळाला ओली वाळू, वर गोणपाट. गोणपाट जरा सरकलं होतं. आत पिल्लं टबाच्या भिंतीला नाक लावून पुढचे पाय मारत होती. वाळू उडत होती आणि ती जागची हलत नव्हती. तिथल्या पोराला विचारलं तर म्हणाला, "ही संध्याकाळसाठी ठेवलीत. पुण्याहून बस येणार आहे. काही दिसलं नाही की लोक आमच्यावरच ओरडतात."

मला हे पटलेलं नाही. ज्याला वाचवायचं त्यालाच आपल्या सोयीने थांबवायचं, हे चूक आहे असं माझं मत आहे. पण त्या पोराला ते सांगायला तोंड उघडेना. बसमधली माणसं हिरमुसून गेली आणि पुढच्या वर्षी आलीच नाहीत, तर गावात घरोघरी राहायची सोय केलेल्यांचं काय? आणि पहाटे अंधारात किनारा तुडवत घरटी शोधायला कोण जाईल?

जाणकारांनी, विशेषतः किनाऱ्यावरच्या लोकांनी लिहावं.

रानवाटा

चांगला धागा. आधी पिल्लांचं सांगते, मग लोकांचं.

आपल्याकडे येणारं कासव ते ऑलिव्ह रिडले जातीचं. पिल्लू वाळूतून वर आलं की त्याच्या अंगात एक झपाटा असतो. अंड्यातला थोडा बलक पोटात शिल्लक असतो, त्या शिदोरीवर ते साधारण पहिलं दिवसभर जवळजवळ न थांबता पोहतं. किनाऱ्यालगतच्या पाण्यात मोठे मासे, वर घारी आणि बगळे, म्हणून तो पट्टा लवकरात लवकर ओलांडायचा असतो. टबात पाय मारून तीच ताकद वाया जाते. संध्याकाळी सोडलेलं पिल्लू बघणाऱ्याला ठणठणीत दिसतं, पण ते दमूनच पाण्यात उतरतं.

आता दुसरी बाजू. पिल्लं बहुतेक रात्री किंवा पहाटे वर येतात, कारण तेव्हा वाळू गार झालेली असते. पण काही वेळा ढगाळ हवेत, किंवा घरटं उकरून पाहताना, दिवसा नऊ-दहा वाजता पिल्लं हाती लागतात. मार्चच्या उन्हात तापलेल्या वाळूवर ती सोडणं म्हणजे कावळ्यांना आवतण. अशा वेळी अंधाऱ्या, गार जागी, ओल्या वाळूवर झाकून ठेवायची आणि ऊन उतरल्यावर सोडायची, हे शास्त्राला धरून आहे. पाण्यात मात्र ठेवायची नाहीत.

म्हणजे टब दिसला म्हणून लगेच दोष देऊ नका. ती पिल्लं टबात कधी गेली आणि का, हे आधी विचारायला हवं. पहाटे पाचला वर आलेली पिल्लं सकाळी सातला सोडता येत असताना बससाठी ठेवली असतील, तर ते चूकच.

सागरगोटा

@रानवाटा, हे माहीत नव्हतं, आभार. त्या पोराने बसचंच कारण सांगितलं, उन्हाचं नाही. आणि आम्ही टब पाहिला तेव्हा ऊन चढलेलं नव्हतं.

साधासुधा

हजार पिल्लांतलं एखादंच मोठं होतं असं सगळीकडे वाचायला मिळतं. मग टबातल्या सात-आठ पिल्लांनी काय फरक पडतो? त्यांच्या बदल्यात गावाला दोन पैसे मिळत असतील आणि त्यातून शंभर घरटी राखली जात असतील, तर सौदा वाईट नाही. सगळ्या जातीचं बघायचं की एकेका पिल्लाचं, हे आधी ठरवा.

बाणकोटकर

मी याच पट्ट्यातला, मंडणगड तालुक्यातला. घरी पर्यटक उतरतात, त्यामुळे माझा यात स्वार्थ आहे हे आधीच सांगतो.

आमच्या लहानपणी कासवाची अंडी खायची वस्तू होती. पहाटे माग दिसला की काठीने वाळू चाचपायची, काठी भसकन आत गेली की समजायचं. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी. घरी खायची, उरली तर विकायची. कुणाला त्यात पाप वाटत नव्हतं. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेची माणसं आमच्याच तालुक्यातल्या वेळासला आली ती समुद्रगरुडाच्या कामासाठी. त्यांना किनाऱ्यावर कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली आणि तिथून हे काम सुरू झालं. अंडी खायच्या ऐवजी राखा, असं गावाला सांगणं सोपं नव्हतं. २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला, बाहेरची माणसं यायला लागली, ओटीवर गाद्या पडल्या, बायकांच्या हातात जेवणाचे पैसे आले, तेव्हा गाव खऱ्या अर्थाने यात उतरलं. आता किनाऱ्यावर कुणी अंडं उचललं तर गावच त्याला जाब विचारतं. वन्यजीव संरक्षण कायद्याचा धाक होताच, पण तो धाक १९७२ चा. त्याने अंडी वाचली नव्हती.

आता टबाचं. आमच्याकडे सकाळी आणि संध्याकाळी टोपल्या उचलायच्या, पिल्लं असली तर सोडायची, नसली तर नाही. पण फोनवर पहिला प्रश्न काय असतो? "पिल्लं नक्की दिसतील ना? गॅरंटी द्या." गॅरंटी कशी देणार? अंडी पंचेचाळीस दिवसांत फुटतात की साठ, हे वाळूच्या उबेवर. एक पाहुणे तर जेवणाचे पैसे द्यायला तयार नव्हते, कारण पिल्लू दिसलं नाही. असल्या माणसांपुढे एखादा कोवळा पोरगा टब भरून ठेवतो. मी ठेवत नाही. पण त्याला फाशी द्यायला मी येणार नाही.

@साधासुधा, तुमचा सौदा मला नको. सात-आठ पिल्लांचं चालतं म्हटलं की पुढच्या शनिवारी साठ होतात. मे महिन्याच्या सुट्टीत काय होईल सांगता येत नाही.

केळशीची सून

बाणकोटकर दादांना अनुमोदन. आमच्याकडे एकदा एका ताईंनी पिल्लू तळहातावर ठेवून फोटो द्या म्हणून हट्ट धरला. कासवमित्राने, म्हणजे घरटी राखणाऱ्या गावातल्या पोराने, हात जोडून नाही म्हटलं. ताई रुसून गाडीत जाऊन बसल्या. असे नकार देणाऱ्यांना आपण पर्यटकांनी तरी पाठिंबा द्यायला हवा. तिथे उभी असलेली बाकीची माणसं गप्प राहतात, तेव्हा तो पोरगा एकटा पडतो.

अवांतर: केळशीला आलात तर याकूबबाबांचा दर्गा आणि वाळूची टेकडी नक्की बघा.

पेडण्याचो

मला यापेक्षा आधीचा प्रश्न पडतो. अंडी उचलून हॅचरीत न्यायचीच कशाला? आमच्याकडे गोव्यात मोरजीला, तिकडे काणकोणात गालजीबागला, बऱ्याचदा घरटं आहे त्याच जागी कुंपण घालतात. कासवीने जागा निवडली ती काही उगाच नाही. आपण अंडी काढणार, बादलीत घालणार, दुसरीकडे खड्डा करणार, आणि त्याला संरक्षण म्हणणार.

कोल्ह्याने अंडी खाल्ली तर बिघडलं काय? कोल्हा पण रानातलाच. कासवाला जगवायला कोल्ह्याच्या तोंडचा घास काढायचा हक्क आम्हाला कोणी दिला?

रानवाटा

@पेडण्याचो, जागेवर ठेवता आलं तर जागेवरच ठेवावं, यात वाद नाही. पण कोकणातले बरेच किनारे अरुंद झालेत. मागे सुरूची लागवड किंवा धूपप्रतिबंधक बंधारा, पुढे भरती. मादी वर चढायला जाते, जागा मिळत नाही, भरतीच्या रेषेखालीच अंडी घालते. ती अंडी पाण्यात जाणार हे दिसत असतं.

हलवायचीच तर त्याचेही नियम आहेत. घातल्यापासून काही तासांच्या आत हलवावी लागतात, कारण नंतर आतला गर्भ कवचाला चिकटतो आणि अंडं उलटसुलट झालं तर मरतो. मूळ खड्ड्याची खोली मोजायची, साधारण दीड फूट, तळाला फुगीर आणि तोंडाशी अरुंद, तसाच नवा खड्डा हाताने करायचा. हे काम बघितलंय तेव्हापासून कासवमित्रांबद्दल मला फार आदर आहे. ओणवं होऊन, खांद्यापर्यंत हात आत घालून, एकेक अंडं वर काढतात आणि वरची बाजू वर ठेवूनच खाली लावतात.

आणखी एक गोष्ट कुणी बोलत नाही. पिल्लू नर की मादी हे वाळूच्या तापमानावर ठरतं. साधारण ३० अंशांच्या वर गेलं की माद्या वाढतात, खाली राहिलं की नर. हॅचरी उघड्या उन्हात केली की सावलीत, यावर त्या वर्षीच्या पिल्लांतले नर-मादी ठरतात. सावलीसाठी हिरवी जाळी घालायची की नाही, हा निर्णयही आपणच घेतोय. टबाइतका तो डोळ्यांना खुपत नाही, पण परिणाम कितीतरी मोठा. म्हणून तापमानाची नोंद न ठेवता हॅचरी चालवणं मला टबाइतकंच चुकीचं वाटतं.

केळशीची सून

कोल्ह्याचं मान्य. पण किनाऱ्यावर अंडी उकरतात ती मुख्यतः कुत्री, आणि ती आपण पोसलेली आहेत. मासळीची घाण, हॉटेलांचं उरलंसुरलं, त्यावर वाढलेली. कोल्हा दोन घरटी खाईल आणि जाईल, कुत्र्यांची टोळी किनाराभर फिरते. कोल्हा आला तर वाट सोडा, कुत्र्यांचा बंदोबस्त करा, असं मी म्हणेन. बंदोबस्त म्हणजे मारणं नव्हे. नसबंदी, आणि घाण उघड्यावर न टाकणं. दुसरं काम जास्त अवघड आहे, कारण ते कुत्र्यांनी नाही, आपण करायचंय.

उत्तरायण

इथे अमेरिकेत राहते. काही वर्षांपूर्वी कोस्टारिकात ओस्तिओनालला जाणं झालं. तिथे हेच ऑलिव्ह रिडले हजारोंनी एकदम किनाऱ्यावर येतात, आणि गावकऱ्यांना अंडी काढून विकायची कायदेशीर परवानगी आहे, १९८७ पासून. फक्त सुरुवातीच्या दीड दिवसात घातलेली अंडी. कारण नंतर येणाऱ्या माद्या आधीची घरटी उकरतातच, ती अंडी तशीही फुटायची. बदल्यात गाव किनारा साफ ठेवतं, पहारा देतं, पिल्लांना पाण्यापर्यंत सोबत करतं. मला आधी धक्का बसला होता. दोन दिवस राहिल्यावर वाटलं, यांनी नीट विचार केलाय.

साधासुधा

बघा! अंडी विकून सुद्धा संवर्धन होतं. आणि आपण टबावरून भांडतोय.

रानवाटा

नाही हो, उलट आहे. ओस्तिओनालला जे वाया जाणार होतं तेच घेतात, आणि किती, कधी, कुणी हे लिहून ठरलेलं आहे. आपल्याकडे ओडिशात गहिरमाथा आणि ऋषिकुल्याला तशा झुंडी येतात. कोकणात एकेकटी मादी येते, एकेक घरटं सुटं. इथे वाया जाणारं असं काही नाही. शिवाय टबाच्या बाबतीत कुठलाच नियम लिहिलेला नाही. ज्याच्या मनाला येईल तो ठेवतो. माझा आक्षेप तिथे आहे.

अवांतर: ओडिशा आणि कोकण वेगळे आहेत असं आपण धरून चाललो होतो. पण २०२१ मध्ये ओडिशात टॅग लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. सगळं द्वीपकल्प वळसा घालून. हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही, इतका आनंद झाला होता.

तांडेल

सगळे किनाऱ्यावरचं बोलताय. थोडं पाण्यातलं ऐका.

पिल्लू सोडताना टाळ्या वाजतात. मोठं कासव जाळ्यात येतं तेव्हा तिथे कुणी नसतं. रात्रीचे दोन, बोट हलतेय, चाळीस किलोचं जनावर जाळ्यात पाय अडकवून बसलेलं. त्याला सोडवायचं तर जाळं कापावं लागतं. जाळं म्हणजे आमची कमाई. २०१८ च्या डिसेंबरपासून सरकारने योजना काढली, संरक्षित प्राणी जाळं कापून सोडला तर २५ हजारांपर्यंत भरपाई. फोटो, व्हिडिओ काढून द्यायचा. योजना चांगली आहे, मी तिचं कौतुकच करतो. पण त्या वेळी एका हातात मोबाईल आणि एका हातात कोयता धरून बघा.

ट्रॉलच्या जाळ्याला कासव बाहेर पडायची खिडकी बसवा म्हणतात. ती नाही म्हणून अमेरिकेने २०१९ पासून आपली समुद्रातली कोळंबी घेणं बंद केलं. दर पडला तो बंदरावर पडला. अमेरिकेचं चुकलं असं म्हणत नाही. कासव मरतं हे खरंच आहे. पण निर्णय कोण घेतं आणि भरतं कोण, हे बघा. एक मोठी मादी जाळ्यात गुदमरली की तुमच्या किती टबांची पिल्लं गेली, याचाही हिशेब करा.

खिडकी बसवली तर थोडी कोळंबीही निसटते. तेवढं नुकसान पहिली दोन वर्षं सरकारने सोसलं, तर मी माझ्या बोटीला उद्या बसवतो. हे मनापासून सांगतोय.

गुरांचा डॉक्टर

तांडेल यांची पोस्ट वाचून लिहिल्याशिवाय राहवलं नाही. मी पशुवैद्य, पावसाळ्यात किनाऱ्यावर लागलेली कासवं बघायला कधीतरी बोलावतात. तुटलेल्या, समुद्रात सोडून दिलेल्या जाळ्यांत अडकून पाय कापलेली असतात. नायलॉनचा दोर हाडापर्यंत रुतलेला, मांस काळं पडलेलं. पाय काढावाच लागतो.

पुढचा एक गेला तर कासव पोहायला शिकतं, अशी कासवं समुद्रात सोडता येतात. पुढचे दोन्ही गेले तर ते समुद्रात तगणार नाही. मग काय करायचं? टाकीत ठेवलं तर वर्षानुवर्षं जगेल, पण ज्या प्राण्याने हजारो किलोमीटर फिरायचं त्याने आयुष्यभर एका टाकीत गोल फिरायचं. की इंजेक्शन देऊन शांतपणे संपवायचं? आणि मागचे पाय गेलेली मादी सोडली तर ती पोहेल, खाईल, पण घरटं मागच्या पायांनीच खणतात, ती वाळूवर येऊन काय करेल?

माझं मत स्पष्ट आहे. जे कासव कधीच परत जाणार नाही आणि वेदनेतून सुटणार नाही, त्याला टाकीत ठेवणं हे आपल्या मनाच्या समाधानासाठी असतं. पण आपल्याकडे दयामरण हा शब्द उच्चारला की लोक अंगावर येतात. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेला प्राणी, त्यामुळे निर्णय एकट्या डॉक्टरचा नसतोच, आणि नसावाही. तरी सही करायला कुणीच पुढे येत नाही आणि प्राणी महिनोन्‌महिने तसाच राहतो. निर्णय न घेणं हाही निर्णय झाला, आणि त्याचा त्रास कासव भोगतं.

पेडण्याचो

डॉक्टर, नमस्कार घ्या. यावर वेगळा धागा काढा, कृपया.

केळशीची सून

डॉक्टर, पटत नाही मला. टाकीतलं एक कासव बघून शाळेतली मुलं घोस्ट नेट, म्हणजे समुद्रात सोडून दिलेलं जाळं, काय करतं ते समजतात. त्याला दुखत नसेल, खात-पीत असेल, तर जगू द्या की. वेगळा धागा काढाच, तिथे भांडू.

सागरगोटा

धागा बराच लांब गेला, पण सगळं वाचते आहे. मूळ प्रश्नाकडे येते. @बाणकोटकर, तुम्ही टब ठेवत नाही, तरी तुमच्याकडे माणसं येतात. ते कसं जमवता? आणि त्या दुसऱ्या गावाला हे सांगायचं तर कुणी सांगावं? मी सांगितलं तर मुंबईची बाई शहाणपण शिकवते असं होईल.

बाणकोटकर

मुंबईच्या बाईने सांगितलं तरी हरकत नाही, पण येऊन सांगा, इंटरनेटवर नाव टाकून नको. ते तुम्ही टाकलं नाहीत हे बरं केलंत.

जमवायचं म्हणजे काय, माणसांना दिवसभर दुसरं काही द्यायचं. सकाळी टोपल्या, मग बाणकोटचा किल्ला, दुपारी जेवण आणि झोप, कांदळवनातून होडी, संध्याकाळी परत टोपल्या. रात्री कासवमित्र अंगणात बसून घरटं कसं सापडतं ते सांगतो. मुलांना त्यातच जास्त रस वाटतो असा माझा अनुभव आहे. पिल्लू दिसलं नाही तरी माणूस नाराज जात नाही. बुकिंग घेतानाच बजावून सांगावं लागतं, हे मात्र खरं. सांगितल्यावर काही जण येत नाहीत. न आलेले बरे.

टबाचं म्हणाल तर वनखात्याने आणि त्याच्या कांदळवन कक्षाने सगळ्या किनाऱ्यांना एकच लेखी नियम द्यावा, पण तो कासवमित्रांना बसवून, विचारून करावा. वरून कागद आला की तो फायलीत जातो. दिवसा सापडलेली पिल्लं सावलीत ठेवायची मुभा असावी, पण वहीत वेळ लिहायची: कधी सापडली, कधी सोडली. वही कुणालाही बघता यावी. पहाटेची पिल्लं सूर्य वर यायच्या आत पाण्यात गेलीच पाहिजेत, बस येवो न येवो.

साधासुधा

वहीची कल्पना आवडली. माझा सौद्याचा मुद्दा मी अजून सोडलेला नाही, पण नियम लिहून असावा हे मान्य. आणि तांडेल म्हणतात ते जाळ्याचं काम पहिलं व्हावं असं माझं मत झालंय.

रानवाटा

वहीत तापमानाचाही रकाना घाला. साधा थर्मामीटर पुरतो.

तांडेल

आणि पिल्लं रोज एकाच जागी सोडू नका. मासे तिथे येऊन थांबतात. आम्ही जाळं टाकतो ना, आम्हाला कळतं.

केळशीची सून

आमच्या ग्रुपवर हा धागा टाकला. दोन घरांनी या मोसमापासून बुकिंगच्या मेसेजमध्ये ही ओळ घालायचं ठरवलंय: "पिल्लं त्यांच्या वेळेला येतात. दिसतीलच असं सांगता येत नाही, आणि दाखवण्यासाठी आम्ही ती थांबवून ठेवत नाही." बाकीच्या घरांशी बोलणं चालू आहे. तिसऱ्या घरच्या काकी म्हणाल्या, आधी एप्रिलची बुकिंगं होऊ देत, मग बघू.

सागरगोटा

मेसेज जसाच्या तसा उचलून त्या गावातल्या आमच्या यजमानांना पाठवला आहे. अजून उत्तर नाही. आलं की इथे लिहिते.